धवलेरी घरीच असते

वांगणी

चि. वामन यास,

थोरल्या बहिणीचा, गौराचा आशीर्वाद. तुझा गुडघा बरा असेल, ठाण्याचं पाणी मानवत असेल. माझं विचारशील तर अंगात राग मावत नाही, बाकी ठणठणीत आहे.

धवलेरी म्हणून या मुलखातली लग्नं लावण्यात माझा जन्म गेला, हे तुला सांगायला नको. (तुझंही मीच लावलं. टिकलं ते मात्र प्रमिलामुळे.) परवा शिरपामाळाजवळच्या पाड्यावर बोलावणं होतं. भिंतीवर रेखलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसले, गाण्यातून एकेका देवाला बोलवायला लागले, तर जव्हारचा तो हेमंत डीजेवाला 'हॅलो, चेक, हॅलो' करतो! गाणं मधे तुटलं की पहिल्यापासून घ्यायचं, ही आपली रीत. घेतलं. अर्ध्यावर आले, पुन्हा हॅलो. पुन्हा पहिल्यापासून. मीही हट्टाला पेटले. नवरदेव उपाशी, भात गार, नवरीची मामी बसल्या जागी घोरायला लागली. आणि नवऱ्याचा बाप हात जोडतो कुणाला, तर मला! म्हणे, "ये बाय, बेगीन आटप ना!" हेमंतला मात्र खुर्ची, थंड बाटली आणि वर 'साहेब'. अरे, खटके दाबणारा साहेब, तर मग देवांना बोलावणारी कोण?

पुढचं ऐक. जेवणाआधी माइकवरून सत्कार झाले. नवऱ्याच्या भावाला शाल, कारण तो कुठल्याशा कचेरीत शिपाई आहे (कंत्राटी का होईना, सरकारी ना!), आचाऱ्याला शाल, ड्रोन उडवणाऱ्यालाही शाल. एका पाहुणीने मला विचारलं, तुम्ही काय करता? मी तोंड उघडायच्या आत नवरीचा काका म्हणाला, "ती काय नाय करत, घराच असते." तेव्हा माझ्या हाताची हळदही वाळली नव्हती! पगार नाही ते कामच नाही, असं झालंय या लोकांचं. नुसता संताप झाला. तिथल्या तिथे सांगून टाकलं, यापुढे कुणाच्याही लग्नात गाणार नाही. तूही गळ घालू नकोस.

तुझी बहीण,
गौरा

ता.क. : तुझ्या लेकीच्या, योगिताच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली. पोरगी गोड दिसते. भटजी ठाण्याचा ठरवलास म्हणे. मला विचारलंसुद्धा नाहीस.

आणखी एक ता.क. : भटजी चांगलाच असेल, मी कुठे नाही म्हणते? पण आपला हिरवा देव, आपला नारनदेव त्याच्या ओळखीचे नाहीत. लग्नाची देवी पालघट, तिला मोबाइलवर पत्रिका धाडलीस का? मी दोन दिवस आधी येते. लग्न त्यालाच लावू दे, सत्कार त्याचाच कर. मला फक्त आपल्या देवांना बोलावू दे, वामन.