कांद्याची सालं

२८ मार्च, गुरुवार
संदेश, सूनबाई आणि पोरं संध्याकाळी पुण्याहून आली. सोबत विहीणबाईही. वाटेत गंगापूरला वळून त्यांना गाडीत घेतलं म्हणे. मला कळवायची गरज कुणाला वाटली नाही. असो. पाहुणी आहे. चहा ठेवला.

रिया सहाची, जोएल तीनचा. दोघं तिला चिकटूनच उतरली. ती ‘माय’, मी ‘आजी’. जेवताना सूनबाईनं हळूच काढलं, यंदा मेच्या सुट्टीत पोरांना गंगापूरला ठेवावं म्हणते. दरवर्षी इथं असतात, पडेगावला, माझ्याजवळ. हे म्हणाले, वा वा, छान. ह्यांना कुठं काय बोलावं ते जन्मात कळलं नाही.

२९ मार्च, उत्तम शुक्रवार
बारा ते तीन चर्च. उपास. वि.बाई माळकरी, त्या घरीच थांबल्या जोएलला घेऊन. परत येते तो घर लख्ख. ओटा, फडताळ, मागची गॅलरी, सगळं. आणि गॅलरीतली पिशवी गायब.

ईस्टरआधीचे चाळीस दिवस, उपासकाळभर साठवलेली कांद्याची सालं. आई ईस्टरला अंडी त्यातच उकळायची. अंड्यावर कोथिंबिरीचं पान, वरून मलमलीची चिंधी घट्ट बांधायची. सोडलं की पानाची नक्षी. यंदा रियाला बांधायला शिकवणार होते. सकाळपासून तेवढंच डोक्यात.

गेली घंटागाडीत.

“अवो, मला वाटलं कचराच हाय. सालं कोण ठिवतं?”

काही हरकत नाही, म्हटलं. आजच्या दिवशी खोटं बोलले.

३० मार्च, शनिवार
सालं कशाला होती, रियाला काय शिकवायचं होतं, सगळं ह्यांनी सांगून टाकलं. वि.बाईंनी उपाय काढला. ह्यांना स्कूटरवर दौलताबाद रस्त्याला पिटाळून पळसाची फुलं आणवली. मला साधी कोथिंबीर हवी तर तीनदा सांगावं लागतं, तिच्यासाठी पळस. एका पातेल्यात फुलं, दुसऱ्यात हळद. स्वतः अंड्याला बोट लावत नाही. खुर्चीत बसून सांगते, पोरं बुडवतात. पिवळीधमक, केशरी.

रिया म्हणाली, “आजी, तुझी अंडी नुसती तपकिरीच असतात ना.”

जळते मी. लिहून टाकलं एकदाचं. बाई वाईट असती तर सोपं गेलं असतं.

३१ मार्च, ईस्टर
पहाटेची उपासना. नंतर आईच्या कबरीवर मेणबत्ती, शेवंती. तिथंही डोक्यात पळसच. पाळकसाहेब प्रीतीवर बोलले. मी पुढच्या बाईचा अंबाडा बघत बसले.

अंगणात अंडी शोधायचा खेळ. जोएल मोगऱ्याच्या कुंडीला अडखळून पडला, गुडघा फुटला. मी तिथंच होते, हात पसरून. तो रडत माझ्या शेजारून धावत गेला, सरळ वि.बाईंकडं. तिनं उचललं, फुंकर घातली, मग माझ्याकडं पाहिलं. “आजीकडं जायचं रं, आजी जवळ व्हती की.”

तेच जास्त लागलं.

दुपारी सगळी गेली. मेचं कुणी बोललं नाही, मीही नाही. घर मोठं वाटतंय. ह्यांनी उरलेल्या अंड्यांचा रात्री रस्सा करू म्हटलं. पिवळ्यांचा नको, म्हटलं. का ते विचारलं नाही. बरं झालं.

६ एप्रिल, शनिवार
वि.बाईंचा पुतण्या कामाला शहरात आला होता. दारात एक गोणी ठेवली. आत नुसती कांद्याची सालं. गावातल्या दोन-तीन कांदाचाळी स्वतः झाडून जमवली म्हणे तिनं. निरोपही दिला पोरानं, पाठ केल्यासारखा. “काकू म्हनली, मे महिन्यात तुमी बी आमच्याकडं या. पोरीला अंडी बांधायचं तुमीच शिकवा. घरात चालत नाय, पन ती अंगनात चूल मांडून देनार हाय.”

माळकऱ्याच्या अंगणात अंडी. माझ्यासाठी. आणि पोरं तिच्याच घरी, म्हणजे जिंकली तीच.

हे म्हणाले, जाऊ की. मी कपडे वाळत घालायला गेले.

दुपारी हे झोपल्यावर एक अंडं बांधलं, उकळलं. चिंधी सोडली. असा गडद रंग माझ्या सालांना कधी आला नाही. पानाची शीर न् शीर उमटलेली.

हे उठायच्या आत खाऊन टाकलं. वि.बाईंना अजून फोन केलेला नाही.