पेटीतले तीन पंखे

बाबा, आज आपल्या सडक अर्जुनीच्या दुकानात एक माणूस चार छोटे पंखे पिशवीत घालून आला होता. कॉम्प्युटरच्या डब्यात असतात तसले, बारा व्होल्टचे. अळिंबीच्या खोलीत लावायचे म्हणे. "ताई, याले सप्लाय कोणता लावू?" त्याने विचारलं. मी पंख्याच्या पाठीवरचा अॅम्पिअरचा आकडा वाचला, चारने गुणला, त्याच्या दुपटीचा सप्लाय काढून दिला आणि तो गेल्यावर शटर अर्धं ओढून बसले. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण हा प्रश्न आला की अजून मी आकडा दोनदा वाचते.

शिकवलंत तुम्हीच. दहावीत गटांगळ्या खाल्ल्या तेव्हा तुम्ही मला दुकानात आणून बसवलं. 'पोरीले तारा झाळायला शिकवून राहिला,' असं म्हणत गाव हसलं, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. पहिल्याच महिन्यात मी एका ट्रकच्या केबिनमध्ये बारा व्होल्टचा पंखा सरळ जोडून दिला. पंखा किंचाळला आणि धूर निघाला. "बिटिया ने तो पंखा ही भून डाला," ड्रायव्हर हसत होता. तुम्ही नाही हसलात. "ट्रकले दोन ब्याटऱ्या असतात, चोवीस व्होल्ट. डोळे कोठी ठेवले होते?" चारचौघांत बोललात, मला रडू आलं. मग चहा मागवलात आणि हळू आवाजात म्हणालात, "व्होल्ट म्हणजे पायातल्या जोड्याचं माप, ते बरोबरच पाहिजे. अॅम्पिअर म्हणजे रांजणातलं पानी. रांजण मोठा असला म्हणून कोणी तहानेच्या वर पेत नाही. पण लहान असला तर घसा कोरडा. अन् पंखा सुरू होताना जास्त पेते, हे ध्यानात ठेवजो."

बुद्धविहाराची मयत थंड ठेवायची ती पेटी तुम्हीच जोडलेली. आपली पोरं कामाला सुरतेला, पुण्याला. ती येईपर्यंत गेलेला माणूस ठेवायचा कसा, म्हणून समाजाने वर्गणी करून घेतलेली. स्टीलची, वर काच. आत तीन पंखे बसवताना मी विचारलं होतं, "मेलेल्या माणसाले वारा कायले?" "थंडी एका कोपऱ्यात बसून राहते, तिले फिरवा लागते," तुम्ही म्हणालात.

आणि मग त्या पेटीत तुम्ही आहात. दादा सुरतेहून निघालाय, गाडी लेट आहे. भारनियमन चालू आहे, दुपारचं ऊन अंगणात भाजतंय. पेटीचं मशीन जनरेटरवर टाकलं आणि त्याच्या झटक्यात पंख्यांचा सप्लाय जळाला. काचेवर आतून घाम धरू लागला. सगळे माझ्याकडे बघतात. दुसऱ्या कोणाकडे बघणार? मी दुकानात पळाले. डोळे भरलेले, बारा लिहिलेलं दिसलं तो उचलला. एक अॅम्पिअरचा. तिन्ही पंख्यांची भूक जेमतेम तेवढीच होती, सुरू होतानाची मी धरलीच नाही.

जोडला. पंखे अर्धा फेरा फिरले, थांबले. सप्लाय दमायचा, क्षणभराने पुन्हा उठायचा. मी पेटीमागे वाकलेली, मला दिसलं नाही. आधी बायांचं रडणं थांबलेलं ऐकू आलं. तुमच्या छातीवरची पांढरी चादर वर येत होती, बसत होती. वर येत होती, बसत होती. दुपारी दुकानात बाकावर तुम्ही निजायचात ना, अगदी त्याच लयीत. "माया भाऊ दम घेऊन राहिला!" आत्या ओरडली. आईने काचेवर दोन्ही तळवे टेकले आणि ती तुम्हाला हाका मारू लागली. कारण मला ठाऊक होतं, तरी मला भीती वाटली, बाबा. तुमची भीती वाटली.

पुन्हा दुकान, या वेळी तीन अॅम्पिअरचा लोखंडी डबा. तो जोडल्यावर पंखे न थांबता फिरू लागले. चादरीची कड नुसती थरथरत राहिली, छाती सपाट पडली. ओसरीवर नेलेली आई परत आली, बघत राहिली आणि म्हणाली, "काऊन बंद केला वं तू त्याईचा श्वास?"

तिला मी कितीदा समजावलं, तो एक अॅम्पिअरचा सप्लाय पंख्यांना लावून दाखवला. ती मान हलवते. पण तिच्या खोलीतला पंखा मी बंद करायला गेले की उठते आणि माझा हात धरून बाजूला करते.

तिला हे पत्र वाचून दाखवणार नाही, आणि टाकायला तुमचा पत्ता नाही. एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. लोखंडी डबा आणला तेव्हा सगळे ओसरीवर आईला पाणी पाजत होते. डबा माझ्या पायाशी होता, जोडायचा तेवढा बाकी. मी आधी झाकण उचललं आणि तुमचं मनगट धरलं. चादर पाच-सहा वेळा वर गेली, तोवर धरून उभी होते, नाडी लागेल म्हणून. मग मीच छोट्या सप्लायची वायर उपटली.