फिल्टरमागचा नर

१९ मार्च २००७, गॉलवे

पांढरी पडली. पुन्हा! सगळीच्या सगळी. ही पाचवी खेप.

परवा टाकीतल्या करवंटीच्या छताला साठेक लालसर थेंब चिकटवलेले होते. आज तिथे बुरशीचा कापूस. मादीने सकाळी ती अंडी एकेक करून खाऊन टाकली. मुळीच गडबड न करता. निकाल आधीच माहीत असल्यासारखी.

दोष पाण्याचा. इथलं पाणी चुनखडीतून येतं आणि या अ‍ॅपिस्टो माशांना मऊ पाणी लागतं. अ‍ॅमेझॉनच्या ओढ्यांतले अंगठ्याएवढे जीव, पण पाण्याच्या बाबतीत जावयासारखा तोरा! हे सगळं मला माहीत आहे, कारण अमरावतीच्या कॉलेजात मी अठरा वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आता बायकोचा आणि मुलीचा डबा भरतो. इथल्या रहिवासी कार्डावर तीन नंबरचा शिक्का आहे — डिपेंडंट, नोकरी करण्यास मनाई. मासे पाळण्यास मनाई नाही. सरकारचे आभार.

२१ मार्च

शहरभर सूचना — पाणी उकळून प्या, नळाच्या पाण्यात जंतू आहेत. आई तीन महिन्यांसाठी आली आहे, ती भलतीच खूश. "पाह्यलं? आमी उकळून पेतो तं तुमी हासता!" दोन मोठी पातेली तिने ताब्यात घेतली. स्वयंपाकघर आता तिचं.

त्याच टपालात कॉलेजचं पत्र. तीन वर्षांची बिनपगारी रजा संपते आहे. १६ ऑगस्टला रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या. काय ते ३१ मेपर्यंत कळवा.

रोहिणी कंपनीतून आली तेव्हा दाखवलं. कोट न काढता, उभ्या उभ्या तिने वाचलं. "तुझं तू ठरव," म्हणाली आणि डबा सिंकमध्ये ठेवला. तीन शब्द. कारखान्यात हृदयात बसवायच्या नळ्या तपासणाऱ्या बाईने इतकं मोजून बोलावं हे योग्यच.

२९ मार्च

टाकीतलं पाणी उडून कमी व्हायला हवं होतं, होत नाही. आईला विचारलं.

"म्या टाकतो ना. रोज सकाळी."

"कुठलं पाणी?"

"उकळलेलं. थंडं करून. त्या मासोळ्याइले का पोट नाही?"

मी बराच वेळ भाषण दिलं. ऑक्सिजन, जिवाणू, समतोल. ती गवार निवडत होती. "बरं," म्हणाली. "मेल्या का?"

मेल्या नव्हत्या. मग पातेल्याच्या तळाकडे लक्ष गेलं. पांढरा थर. चुना! पाणी उकळलं की क्षार खाली बसतात, दुष्फेन पाणी सुफेन होतं. आठवीच्या पुस्तकात आहे. मी एम.एस्सी., पहिला वर्ग. परदेशी पुस्तकं वाचून पाणी मऊ करायला पीटची, म्हणजे दलदलीतल्या काळ्या मातीची, पोती आणली, पावसाचं पाणी साठवायला पिंप आणलं. पातेलं सुचलं नाही.

आईला सांगितलं नाही. उद्यापासून दोन बादल्या जास्त उकळ, एवढंच म्हणालो.

४ एप्रिल

अंडी. मादी हळदीसारखी पिवळी.

७ एप्रिल

फुटली!!

१२ एप्रिल

पिल्लं पोहू लागली. तीनदा मोजली — ५६, ६१, ५८. अठ्ठावन्न धरू.

तन्वी शाळेतून आली ती दप्तरासकट टाकीपुढे बसली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तरं मात्र गॉलवेच्या इंग्रजीत. आज इंग्रजीही नाही, नुसती बघत बसली. मादी अंगाला एक झटका देते, अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न तळाला चिकटतात. दुसरा झटका, पुन्हा वर. संध्याकाळ झाली की भरकटलेल्यांना तोंडात भरते आणि करवंटीत नेऊन थुंकते. मी वर्गात असा दरारा अठरा वर्षांत एकदाही निर्माण केला नाही.

नर फिल्टरमागे. शेपटी फाटलेली. जवळ आला की मादी चावते.

आई म्हणाली, "तो तिकडं काहून उभा हाये? काही कामधंदा नाही त्याले?"

मी कणीक मळायला घेतली.

१६ एप्रिल

तन्वीला सांगितलं. ऑगस्टमध्ये मी परत जाईन, कदाचित. तू आणि तुझी आई इथेच. सुट्टीत भेटू. इथे आल्यापासून तिला रोज मीच सोडतो-आणतो, म्हणून जरा तयारी करून बोललो होतो.

"ग्रँड," म्हणाली. आणि पुन्हा माशांकडे.

आईने एवढा एकच शब्द पकडला. "ग्रँड म्हणे! पोट्टी खुश हाये तं मंग."

आई, इथे ग्रँड म्हणजे ठीक. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. पण खरं सांगायचं तर मलाही लागलंच. दहा वर्षांची मुलगी. थोडं तरी रडायचं! मग वाटलं, तिने रडावं ही माझी अपेक्षा नेमकी कुणाच्या सोयीची? स्वतःबद्दल असे प्रश्न मला छान पडतात. उत्तरं येत नाहीत.

तर, हिशोब सरळ आहे. रोहिणी — तुझं तू ठरव. तन्वी — ग्रँड. मी जावं.

२० एप्रिल

पुस्तक सांगतं, मादी फार त्रास देऊ लागली तर नर बाहेर काढावा. काढला. बादलीत ठेवला, वर ताट झाकलं. तो बिनतक्रार आला. बाहेर काढलेल्यांनी असंच वागावं.

२३ एप्रिल

एकवीस! सकाळी मोजले, दुपारी मोजले. एकवीसच. तीन दिवसांत सदतीस गेले.

दुपारभर स्टूल घेऊन टाकीपुढे बसलो. निऑन मासे — दोन वर्षं शोभेला ठेवलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात — आता टोळीने करवंटीपर्यंत येतात. मादी एकाला हाकलते तोवर दुसरा मागून पिल्लू उचलतो. आधी हे इथवर येतच नसत. फिल्टरच्या पलीकडेच थांबत. कारण फिल्टरपाशी तो होता.

म्हणजे तो लपला नव्हता. तिची हद्द करवंटीपुरती, त्याची बाहेरची. मी आठ दिवस त्याच्याकडे बघत होतो आणि 'बेकार' अशी नोंद करत होतो.

नर परत सोडला. मादीने आल्या आल्या चावा घेतला. तो फिल्टरपाशी गेला आणि उभा राहिला.

यातून माणसांबद्दल काही निष्कर्ष काढू नये. माझ्या विद्यार्थ्यांनी काढला असता तर मी शून्य दिलं असतं.

२६ एप्रिल

वीस. टिकलेत.

९ मे

तन्वीच्या शाळेत पालकभेट. रोहिणीची मीटिंग होती, मी एकटाच गेलो. बाई मिसेस फाही, साठीच्या, हातावर खडूची पूड.

"तन्वीचा अभ्यास उत्तम. तिची काही तक्रार नाही. तेच मला आवडत नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"महिनाभर डबा जवळजवळ तसाच परत नेते. विचारलं की म्हणते, आय'म ग्रँड. गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं, सप्टेंबरपासून सहा वाजेपर्यंत लायब्ररीत बसलं तर चालेल का. म्हटलं का गं? तर म्हणाली, घरी कोणी नसेल, आणि आईला सांगितलं तर आईला वाईट वाटेल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी इथलीच आहे. जो खरंच ग्रँड असतो, तो असं रोज सांगत नाही."

डबा मी भरतो. परत आलेला डबा मी धुतो. आणि रिकामाच असायचा! घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं — शाळेमागच्या कुरव पक्ष्यांना, म्हणजे सीगलना, पोळीभाजी आवडते.

"रागावलास?" हे तिने इंग्रजीतच विचारलं.

नाही म्हणालो. भाजी कोणती जास्त आवडते त्यांना, असं विचारलं.

"भेंडी."

२० मे

राजीनामा लिहिला. चार ओळी. 'कौटुंबिक कारणास्तव.' सहा मसुदे फाडले, कारण त्यांत मी त्याग करत होतो आणि ते खरं नव्हतं. मला इथे राहायचं आहे. काम करायला मनाई असली तरी.

आई परवा निघते. तिच्याकडेच देतो, प्राचार्यांना हातोहात देईल. टपालाचा भरवसा नाही, आणि दिलेला कागद परत मागायची सोय माझ्या स्वभावाला नको.

आईला मजकूर सांगितला. "म्हणजे आता तू येत नाही." मग पाकीट ब्लाउजमध्ये ठेवलं. "बरं. पोट्टीले भेंडी देऊ नको डब्यात."

रोहिणीला अजून बोललो नाही. माझं मी ठरवलं. पोचपावती आली की सांगेन. तिला जरा थक्क होऊ दे.

३० मे

आईचा फोन. "देल्लं. सायबाच्या हातात. शिक्का मारून घेतला कागदावर. त्याइनं चहा पाजला."

अठरा वर्षं. एक चहा.

तन्वीला सांगितलं. 'ग्रँड' म्हणाली नाही. माझ्या बाहीला नाक पुसलं आणि गेली.

२ जून

रोहिणीला सांगितलं.

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "तुला इथे मी ओढून आणलं होतं, विवेक. परत मी ओढणार नव्हते. तू एकदा 'जाऊ या' म्हणाला असतास, तर त्याच दिवशी तुझ्या हातात ठेवणार होते." कंपनीला तिने एप्रिलमध्येच नोटीस दिली आहे. ऑगस्टपर्यंतच काम.

तिने प्रेस, म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट, उघडलं, चहाच्या डब्यांमागून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. डब्लिन–मुंबई, अकरा ऑगस्ट. काढल्याची तारीख चोवीस मार्च. तीन तिकिटं.

एकेरी.