शार्दूल ऊर्फ गुंड्या याच्यावरील हक्क व हितसंबंध

सोमवार, २५ नोव्हेंबर २००२. सकाळी ७
चहाची गाळणी सापडत नाही. घर दोन खोल्यांचं आणि शोध तिसऱ्या आठवड्यात. आज चहा रुमालातून गाळला. रुमाल धुतलेला आहे असा माझा समज होता. संस्कृत घेऊन एम.ए. झालेला, बावीस वर्षं कोल्हापूरच्या बातम्या लिहिणारा गृहस्थ मंगळवार पेठेत भल्या सकाळी रुमाल पिळत उभा राहतो, याची इतिहासाने नोंद घ्यावी.
नवी गाळणी घेणार नाही. नवी घेणं म्हणजे जुनी गेली हे मान्य करणं.
शिवलीला भाऊबीजेला नेसरीला गेली ती चार दिवसांसाठी. आज एकोणीस झाले. माहेरी भाताची मळणी असेल. रागावलेली मुळीच नाही. तिच्या महिला मंडळाच्या पाककृती स्पर्धेची बातमी मी तीन ओळींत दिली आणि तिसरी ओळ 'परीक्षकांची प्रकृती आता स्थिर आहे' अशी होती, एवढंच. ती मंडळाची चिटणीस आहे. विनोद चांगला होता. सोमवारपर्यंत येईल.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
शाहूपुरीत डॉ. रुद्रेशच्या जनावरांच्या दवाखान्यात चहा. त्यांच्याकडे गाळणी आहे.
शिवलीलाचा पोमेरेनियन सात तारखेपासून तिथेच आहे. मी त्याचं नाव शार्दूल ठेवलं. ती गुंड्या म्हणते. ते मूर्ख जनावर गुंड्यालाच ओ देतं. खरूज बारा तारखेला बरी झाली. रुद्रेश म्हणाला, सर, कधी नेताय? म्हटलं, शिवलीला आली की. कुत्रा तिचा, तिने न्यावा.
शेजारच्या पिंजऱ्यात गुळाच्या व्यापाऱ्यांचा अल्सेशियन. पाय मोडला म्हणून आणून टाकला, तीन महिने कोणी फिरकलं नाही, वर फोन नंबरही खोटा. अशा लोकांबद्दल मला विलक्षण तिरस्कार आहे. मोठ्याने तसं बोललोही. तिथे झाडू मारणाऱ्या धोंडुबाई म्हणाल्या, "व्हय की. काही तर रोज येऊन चा बी पिऊन जात्यात." रोख कळला नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर
रुद्रेशने वकील हंबीररावांना विचारलं, की या बेवारशी जनावरांचं करायचं काय. हंबीरराव म्हणाले, "कायद्याच्या नजरेत कुत्रं म्हणजे सांभाळाय दिलेली वस्तू. विकायचं न्हाय, हाकलायचं न्हाय. आन मालकानं टाकून दिलं तर त्याच्यावर गुन्हा." मी सांगितलं, यालाच निक्षेप म्हणतात, स्मृतिकारांनी अठरा व्यवहारपदांत त्याला दुसरं स्थान दिलंय. हंबीरराव म्हणाले, मग स्मृतिकारांनाच वकीलपत्र द्या.
शेवटी पेपरात जाहीर नोटीस द्यायची असं ठरलं. मसुदा मी करतो म्हटलं. ऑफिसातल्या फायलीत एका प्लॉटची उत्कृष्ट नोटीस होती. प्लॉट खोडून श्वान घातलं. अल्सेशियन अनुक्रमांक एक. शार्दूलही घातला, अनुक्रमांक दोन. न्याय सर्वांना सारखा पाहिजे.
आमचा पेपर नेसरीला पोचतो, पण तो योगायोग.

गुरुवार, २८ नोव्हेंबर
नोटीस छापून आली. पान चार. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेल्या श्वानांवर कोणाचाही हक्क, हितसंबंध, वारसा, गहाण, दान, बक्षीस असल्यास पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी; अन्यथा तसा हक्क नाही व असल्यास सोडून दिला आहे असे समजून पुढील व्यवहार केला जाईल.' चतुःसीमाही दिली. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दवाखान्याची भिंत. असं मराठी आता कोण लिहितं!
योजना स्वच्छ आहे. ती वाचणार, घाबरणार, पहिल्या एस.टी.ने येणार, कुत्रा घेणार, घरी येणार. मी पेपर वाचत बसलेला असेन. "आलीस?" एवढंच म्हणायचं. त्याहून जास्त नाही.

रविवार, १ डिसेंबर
मेव्हण्याचा फोन. भीमाप्पा. "दाजी, नोटीस वाचली. अक्कानं बी वाचली." विचारलं, काय म्हणाली? "काय न्हाय. कात्रण काढून ठेवलंय."
कात्रण काढलं म्हणजे भाषा आवडली.

बुधवार, ४ डिसेंबर
अल्सेशियनचे मालक उगवले. सयाजी आणि पृथ्वीराज, सख्खे भाऊ, दुकानाची वाटणी नुकतीच झालेली. दोघांनी स्वतंत्र हरकती आणल्या, स्टँपपेपरवर. थोरल्याची हरकत, कुत्रा धाकट्याला देऊ नये. धाकट्याची, थोरल्याला देऊ नये. रुद्रेश म्हणाला, मग नेतंय कोण? सयाजी म्हणाला, "आमी कुठं न्याय आलोय? हरकत घ्या म्हनलासा, घेतली." पोच घेऊन गेले. कुत्रा तिथेच.
रुद्रेशने नोटीस दोनदा वाचली. म्हणाला, सर, यात 'आपलं जनावर घेऊन जा' असं कुठं लिहिलंय?
नाही लिहिलं. प्लॉट कोणी घेऊन जात नाही.
वाचकांची पातळी खालावली आहे.

सोमवार, ९ डिसेंबर
सोमवारपर्यंत येईल असं म्हटलं होतं, पण कोणत्या सोमवारपर्यंत हे लिहिलेलं नव्हतं.
घर झाडलं. कॉटखाली महिला मंडळाचं हजेरीपुस्तक सापडलं. पुसून टेबलावर ठेवलं, दिसेल असं.

शुक्रवार, १३ डिसेंबर
मुदतीचा शेवटचा दिवस. सकाळी सातपासून पेपर घेऊन बसलो. पांढरा शर्ट. गडहिंग्लजकडची गाडी अकराला येते. अकरा. एक. चार. सगळा पेपर पाठ झाला, राशिभविष्यासह.
सहाला दवाखान्यात गेलो. दोन नंबरचा पिंजरा रिकामा.
धोंडुबाई म्हणाल्या, "अक्का साडेअकरालाच आल्या की. गुंड्या नुसता नाचत हुता. अर्ज दिला आन गेल्या." रुद्रेशने अर्ज पुढे केला. अक्षर तिचं. 'अनुक्रमांक दोनमधील श्वानावर माझाच हक्क, कब्जा व वहिवाट असून अन्य कोणाचाही हितसंबंध नाही. मुदतीत हरकत घेत आहे.' एकही चूक सापडली नाही. दोनदा शोधली. खाली सही, आणि सहीखाली: कायमचा पत्ता, मु. पो. नेसरी, ता. गडहिंग्लज.
विचारलं, घराचं काही बोलली? धोंडुबाईंनी झाडू थांबवला. "मी म्हनलं, अक्का, पेठंत जाऊन येत्यासा न्हवं? म्हनल्या, दीडची गाडी हाय. तुमी रुमालानं चा गाळतासा म्हनून सांगिटलं मी. तर म्हनल्या, गाळणी मोरीवरच्या खिळ्याला हाय, सांगा तेवडं."
अल्सेशियन माझ्याकडे बघत होता. आज चहा घेतला नाही.

शनिवार, १४ डिसेंबर. सकाळी ७
गाळणी खिळ्यालाच होती.
तो विनोद चांगला नव्हता.
शिवलीला आता परत येणार नाही, अशी मला भीती वाटते.