इंजिन शाबूत आहे

झोइला,

गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. आत्ताच मेकॅनिक उल्पियानोचा फोन आला. इंजिन शाबूत आहे! आठशे डॉलरचा खड्डा पडणार, गाडी भंगारात जाणार, असं मी परवा जे ओरडलो ते सगळं विसर.

फक्त पाण्याचा पंप गेलाय. पट्ट्यासकट पासष्ट डॉलर. वर त्याने मलाच झापलं, "मालक, हा पंप कितीतरी महिने गळतोय. तुम्ही आपले रोज रेडिएटरमध्ये पाणी ओतत राहिलात! तापमानाचा काटा लालवर गेल्याबरोबर पोरीने गाडी बंद केली, म्हणून वाचलात. तुम्ही असता तर तशीच रेटत घरी आणली असती."

खरं आहे. पंप गळतोय हे मला ठाऊक होतं, तुला सांगितलं नव्हतं. आणि काटामायोच्या चढावर तू मदतीला बोलावलंस, तर मी चार लोकांसमोर तुलाच बोललो. चुकलं माझं.

मक्याच्या हुमिता पातेल्यात आहेत, गरम करून खा. मी बसने कामावर निघालोय.

पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणालीस, ते मी ऐकलंय. पण गाडी चार वाजता तयार होईल आणि किल्ली फक्त तुझ्याच हातात द्यायची, असं मी उल्पियानोला बजावलंय.

— बाबा