धायटीची बरड आणि नवा खराटा

कोंढा, दि. १२ मार्च २०२५

भूपेंद्र, मागच्या मार्चपासून तुझ्याशी बोलले नाही, त्याबद्दल माफी मागते. खालच्या मजकुराबद्दल मागत नाही.

मी, रेणू सोमाजी सेलोकर, वय ४६, बी.ए., अविवाहित, राहणार कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा, पुढच्या आठवड्यातील शस्त्रक्रियेपूर्वी हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. रागही आहे, एकामुळे दुसरे रद्द होत नाही.

१. घरातला माझा हिस्सा व बँकेतील शिल्लक भाऊ भूपेंद्र याची मुलगी रीना हिला.

२. नाल्याकाठची बरड जमीनही रीनालाच. वाटणीत धानाच्या सुपीक बांध्या स्वतःला घेऊन तू हसत म्हणालास, "ताई, तुले फुलं आवडतात ना? घे मंग धायटी." घेतली. त्या मुरमाड उतारावर दुसरे काही धड तगत नाही. धायटी तगते आणि होळीच्या सुमारास फांदीफांदीला लाल फुटते. रीना लहानपणी तीच फुले चोखायची. तिथला मुरूम विकू नये. शोभेची झाडे लावू नयेत.

३. बरडीच्या वरच्या कडेचे मोहाचे झाड भूपेंद्रला, एका अटीवर. मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून तू दरवर्षी खालचा पाला पेटवतोस आणि चहाला निघून जातोस. मागच्या वर्षी आग उतारावर गेली. फुललेली धायटी करपली. फुलांतल्या मधावर येणारे शिंजीर पक्षी दिवसभर राखेवर घिरट्या घालत होते. तू म्हणालास, "काहून रडून राहिली? झुडपंच तं होते. पाणी पडलं का फुटते."

फुटली, हे खरे. लिहायला जड जाते, पण इथे खोटे लिहिणार नाही. यंदा मात्र कोवळ्या फुटव्यांवर एकही फूल नाही. पुन्हा जळली तर पुढच्या वर्षीही नसेल.

अट: पाला झाडायचा, जाळायचा नाही. काडी लावलीस तर झाड रीनाचे. झाडण्यासाठी माझा खराटा तुला देते. नवा आहे, सबब नको.

ही अट धायटीसाठी की सुडासाठी, हे स्वतःला विचारले. दोन्हींसाठी. तरी ठेवते.

४. माझ्या फोटोला भूपेंद्रने हार घालू नये.

वाचून दाखवल्यावर शेजारच्या धुरपताबाई म्हणाल्या, "बाई, खराटा बी लिहिला का?"
"लिहिला."
"मंग आणा इकडं, सही करतो."

मी दोन्ही साक्षीदारांसमोर व त्यांनी माझ्यासमोर सही केली.

सही: रेणू सोमाजी सेलोकर
साक्षीदार: १. धुरपता रामटेके २. चंद्रकुमार हटवार, दोघेही रा. कोंढा

उद्या: भूपेंद्र काडीपेटी घेऊन यायच्या आत मोहाखालचा पाला झाडणे.