न दिलेलं इंजेक्शन

मंगळवार, संध्याकाळ

नर्सच्या नोकरीसाठी गोंदियातला हा माझा चौथा इंटरव्ह्यू. मेट्रन मॅडमनी कागद पाहिले आणि आधीच्या तिन्ही ठिकाणांसारखंच विचारलं, "सिर्फ जीएनएम? बीएस्सी क्यों नहीं किया?" घरात शिकणारे आणखी दोघं होते, जीएनएमचा डिप्लोमाच जमला, असं सरळ सांगितलं. लाज वाटली नाही. आधी वाटायची.

मग त्यांनी वॉर्डात नेलं. दवनीवाड्याची एक आजी तापानं पडून होती. ट्रेमध्ये अँटिबायोटिकची सिरिंज भरून ठेवलेली. मॅडम म्हणाल्या, "दे, तुझा हात पाहू दे."

मी आधी आजीला विचारलं, "कोणत्या सुईचा कधी त्रास झाला होता का?"

"मांगच्या साली झाला ना बाई. आंगभर गांधी उठल्या, दम लागला."

तिच्या पिशवीतली जुनी चिठ्ठी वाचली. सिरिंजच्या लेबलवर होतं तेच औषध.

मी सिरिंज हातात घेतलीच नाही. "हे देता येणार नाही, मॅडम."

"परीक्षा सुई देण्याची आहे."

ही नोकरीही गेली, असंच वाटलं. तरी नाहीच म्हटलं. न विचारता ती सिरिंज उचलली असती तर? नको तो विचार.

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. डॉक्टर आले, औषध बदललं. मी निघताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारी आठला ये. डबा आण."

घरी सांगितलं, तर बिड्या वळता वळता आई थांबली. "सुई न देताच नोकरी भेटली का वं?"

हो म्हटलं. न देताच.